नोंद आधी, अर्थ नंतर : क्राकाटोआचे तरंग आणि हिंदी महासागरातील भरतीमापनाचे दप्तर

प्रास्ताविक

'ऐतिहासिक साधन' हा शब्द उच्चारला की आपल्यासमोर प्रथम कागद उभा राहतो. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करणाऱ्या राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल समकालीन कागदाला श्रेष्ठ मानण्याची जी शिस्त आपल्याला लावली, तिचेच हे फलित होय. परंतु ज्यावर कोणत्याही कारकुनाची लेखणी चाललेली नाही, ज्यावरील रेघ समुद्राने किंवा हवेने स्वतःच ओढलेली आहे, असा कागद साधन मानावा काय? मानल्यास तो वाचावा कसा? आणि तो वाचण्यास ऐंशी वर्षे लागली, तर दरम्यानच्या काळात त्या कागदाचे मोल काय? प्रस्तुत निबंधात हे प्रश्न एका घटनेच्या आधारे तपासले आहेत. ती घटना म्हणजे २७ ऑगस्ट १८८३ रोजी सुंदा सामुद्रधुनीतील क्राकाटोआ ज्वालामुखीचा झालेला महास्फोट.

विषय वरकरणी भूगोलाचा किंवा भौतिकशास्त्राचा वाटेल. तथापि, शास्त्रीय सिद्धांताची सत्यासत्यता ठरविणे हा येथील हेतू नाही. कोणती नोंद कोणी, कशासाठी ठेवली आणि तिचा अर्थ कोणाला कधी लागला, हा येथील प्रश्न असून तो निखळ इतिहासाचा प्रश्न आहे.

भरतीमापकांचे दप्तर

वसाहतकालीन भारतातील सर्वेक्षणाचा इतिहास शिकविताना आपण लॅम्बटन, एव्हरेस्ट आणि त्रिकोणमितीय सर्वेक्षण यांवर थांबतो. त्याच सर्वेक्षण खात्याची एक शाखा समुद्राची पातळी मोजत होती, याचा उल्लेख अभ्यासक्रमात क्वचितच येतो. कॅप्टन (पुढे मेजर) ए. डब्ल्यू. बेअर्ड या अधिकाऱ्याने १८७३ ते १८७५ या काळात कच्छच्या आखातात भरतीची निरीक्षणे घेतली. तेथील जमीन समुद्रसपाटीच्या तुलनेत वर येते की खाली जाते, हे ठरविणे हा त्यामागील मूळ उद्देश होता. १८१९ च्या कच्छ भूकंपात रणामध्ये उभा राहिलेला 'अल्लाबंद' लक्षात घेता हा प्रश्न अगदीच पुस्तकी नव्हता. पुढे १८७७ पासून हे काम पद्धतशीर झाले आणि एडनपासून ब्रह्मदेशापर्यंतच्या बंदरांत स्वयंनोंदी भरतीमापके बसविण्यात आली. मुंबईत अपोलो बंदर येथील मापक १८७८ पासून चालू झाले.

या यंत्राची रचना साधी होती. समुद्राशी नळाने जोडलेल्या विहिरीत एक तरंगता डबा असे. डबा वर-खाली झाला की त्याला जोडलेली पेन्सिल घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या दंडगोलावरील कागदावर वक्ररेषा काढी. लाटांची रोजची खळबळ नळाच्या अरुंदपणामुळे विहिरीत पोहोचत नसे, पण भरती-ओहोटीचा सावकाश चढउतार अचूक उमटे. या वक्ररेषांवरून बंदरोबंदरीची भरती आगाऊ सांगता यावी, जहाजांना वेळापत्रक मिळावे, हा सरकारी हेतू होता. १८७९ मध्ये त्यासाठी लंडनमध्ये खास भाकीत-यंत्र तयार झाले आणि १८८१ पासून भारतीय बंदरांची भरतीकोष्टके छापली जाऊ लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. चंद्रसूर्याच्या गतीशी जुळणारे तेवढे या दप्तराच्या दृष्टीने उपयुक्त होते. जे जुळत नाही ते व्यत्यय होते, म्हणजे हिशेबातून वगळण्याची वस्तू होते. बेअर्ड यांनी क्राकाटोआच्या लाटांवर रॉयल सोसायटीस १८८४ मध्ये जे टिपण सादर केले, त्यात या लाटांना भरतीच्या पलीकडच्या, म्हणजे 'अतिभरती' लाटा या अर्थाचा शब्द वापरला आहे. नियम भरतीचा आणि लाट त्याच्या पलीकडची, अशी ही मांडणी दप्तराच्या मूळ हेतूशी सुसंगतच आहे.

२७ ऑगस्ट १८८३

सुंदा सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर जे घडले ते अनेकवार वर्णिले गेले आहे, म्हणून येथे संक्षेप पुरेसा आहे. स्थानिक वेळेनुसार सकाळी दहा वाजून दोन मिनिटांच्या सुमारास शेवटचा व सर्वांत मोठा स्फोट झाला. ही वेळ आपल्याला माहीत आहे ती बटाव्हिया येथील गॅस कारखान्यातील दाबमापकामुळे. गॅसच्या टाकीवर नजर ठेवण्यासाठी बसविलेल्या त्या उपकरणाने हवेतील धक्का टिपला, आणि डच अभियंता फेरबेक यांनी तोच पुरावा म्हणून वापरला. जावा व सुमात्राच्या किनाऱ्यांवर तीस मीटर व त्याहूनही उंच लाटा चढल्या. तेलुक बेटुंग येथे उभी असलेली 'बेरौ' ही वाफेची युद्धनौका लाटेने उचलून दोन किलोमीटरहून अधिक आत जंगलात नेऊन टाकली. सरकारी गणनेनुसार ३६,४१७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेकांचा बळी अग्नीने नव्हे तर पाण्याने घेतला.

स्फोटाचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटर दूर असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू आला. तेथील पोलीस प्रमुखाला तो दूरवरच्या तोफांसारखा वाटला. जेथे कानाला काही ऐकू आले नाही तेथेही हवेने निरोप पोहोचविलाच. जगभरच्या वेधशाळांतील वायुभारमापकांच्या रेषेत एक लहानसा उंचवटा व खळगा उमटला. काही तासांनी तो पुन्हा उमटला, मग पुन्हा. जनरल रिचर्ड स्ट्रेची यांनी हे आलेख एकत्र मांडले, तेव्हा तरंग क्राकाटोआपासून निघून पृथ्वीच्या विरुद्ध बाजूस एकवटला, तेथून परतला, आणि असा सात वेळा ये-जा करीत राहिला, असे दिसून आले. एका पृथ्वीप्रदक्षिणेस त्याला दीड दिवसाच्या आसपास वेळ लागत होता.

या वेगाने गणित केल्यास क्राकाटोआपासून सुमारे साडेचार हजार किलोमीटरवरील मुंबईपर्यंत हवेचा तरंग चार तासांत पोहोचतो. म्हणजे त्या काळच्या मुंबईच्या स्थानिक वेळेनुसार दुपारी बाराच्या आसपास तो शहरावरून गेला असला पाहिजे. कोणालाही काहीही जाणवले नसणार.

समुद्राच्या लाटेचे तसे झाले नाही. तिला श्रीलंकेस वळसा घालून यावे लागले. बेअर्ड यांच्याकडे मद्रास, नागपट्टणम, पोर्ट ब्लेअर, कराची, एडन अशा ठिकाणचे वक्र जमा झाले. मुंबईजवळ वांद्र्याच्या किनाऱ्यावरील एक समकालीन हकीकतही उपलब्ध आहे. भरती नेहमीप्रमाणे आली, परंतु थोड्याच वेळात पाणी एकाएकी मागे हटले, मासळी कोरड्या वाळूवर तडफडत राहिली आणि थोरामोठ्यांसह पोराटोरांनी ती विनासायास गोळा केली. असे कधी पाहिले वा ऐकले नाही, असे वृद्धांनीही सांगितले, अशी नोंद त्या हकीकतीत आहे. ज्या घटनेने सुंदाच्या काठावर छत्तीस हजार जीव घेतले, तीच वांद्र्यास फुकटच्या मासळीचा दिवस ठरली. मागे हटलेले पाणी कोणत्या वेगाने परतू शकते, हे त्या किनाऱ्यावर कोणालाच ठाऊक नव्हते. मुंबईच्या सुदैवाने ते ठाऊक असण्याची त्या दिवशी गरज पडली नाही.

जी लाट वेळेआधी आली

रॉयल सोसायटीने नेमलेल्या समितीचा बृहद् अहवाल १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील समुद्री लाटांचा भाग कॅप्टन व्हार्टन यांनी लिहिला आहे. व्हार्टन हे नौदलाचे जलसर्वेक्षण प्रमुख असल्यामुळे त्यांच्यापुढे जगभरचे भरती-वक्र होते, आणि त्यातच त्यांची अडचण होती. हिंदी महासागरातील वक्र समजण्याजोगे होते. उथळ पाण्यात लाट मंदावते व खोल पाण्यात वेग घेते. चार हजार मीटर खोलीवर तिचा वेग ताशी सुमारे ७०० किलोमीटर असतो. हे सूत्र तेव्हाही ज्ञात होते. परंतु होनोलुलू, सॅन फ्रान्सिस्को, पनामाची संयोगभूमी, इंग्लिश खाडी व फ्रान्सचा किनारा येथील मापकांतही लहान लहान आंदोलने उमटली होती. क्राकाटोआहून तेथे जाणारा सरळ जलमार्ग खंडांनी व बेटांनी अडविलेला होता, आणि काही ठिकाणी तर ही आंदोलने समुद्रमार्गे येणे शक्य असलेल्या वेळेच्या आधी सुरू झाली होती.

व्हार्टन यांनी या नोंदी दडपल्या नाहीत, हे त्यांचे मोठेपण आहे. त्यांनी त्या छापल्या आणि दूरच्या आंदोलनांचा क्राकाटोआशी संबंध संशयास्पद ठरवून इतरत्र झालेल्या एखाद्या भूकंपाची शक्यता सुचविली. आज हा निष्कर्ष आपल्याला चुकीचा वाटतो. पण इतिहासकाराने येथे थांबून विचार करावा. त्याच ग्रंथात काही पानांच्या अंतरावर स्ट्रेची यांचे हवेतील तरंगांचे वेळापत्रक छापलेले होते. होनोलुलू वा सॅन फ्रान्सिस्को येथे पाणी केव्हा हलले आणि हवा केव्हा हलली, हे दोन तक्ते शेजारी ठेवून पाहण्याचे काम मात्र कोणी केले नाही. हवा हा एका तज्ज्ञाचा विषय होता आणि पाणी दुसऱ्याचा. आपल्या महाविद्यालयांतही एकाच इमारतीतील दोन विभाग असेच नांदतात, हे येथे सहज आठवते.

उलगड्यास लागलेला काळ

या नोंदींकडे पुन्हा वळण्याचे पहिले कारण समुद्र नव्हतेच. संपूर्ण वातावरणाचे नैसर्गिक आंदोलन बारा तासांच्या जवळपास असावे आणि त्यामुळे वायुभाराचा रोजचा दोनदा होणारा चढउतार वाढून दिसत असावा, अशी कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांच्यापासून प्रचलित होती. १९२९ मध्ये जी. आय. टेलर यांनी क्राकाटोआच्या तरंगाचा वेग घेऊन उलट गणित मांडले. त्या वेगाशी जुळणारे आंदोलन साडेदहा तासांच्या आसपास येत होते, बारा तासांचे नव्हे. सेहेचाळीस वर्षांपूर्वीची वायुभारमापकांवरील रेघ एका प्रतिष्ठित सिद्धांताच्या आड आली.

त्यावर १९३७ मध्ये पेकेरिस यांनी निराळा मार्ग सुचविला. वातावरणात एकच नव्हे तर दोन मुक्त तरंग संभवतात. एक, जमिनीलगत प्रबळ असणारा व सर्व थरांना एकदमच हलविणारा, ज्याचा सिद्धांत होरेस लॅम्ब यांनी मांडला. दुसरा, अधिक सावकाश चालणारा अंतर्गत तरंग, ज्यात खालच्या व वरच्या थरांतील हवेची हालचाल परस्परविरुद्ध असते. क्राकाटोआच्या जुन्या आलेखांत या दुसऱ्या तरंगाची खूण आहे, असा दावाही त्यांनी १९३९ मध्ये केला. पुढे अग्निबाणांनी वरच्या वातावरणाचे तापमान मोजल्यावर त्यांनी गृहीत धरलेली रचना टिकली नाही आणि हा दुसरा तरंग जवळजवळ विस्मरणात गेला.

अंतर्गत तरंगांचे हे स्वरूप समुद्रातही आढळते, आणि तेथेही नोंद अर्थाच्या पुष्कळ आधीची आहे. अंदमान समुद्रातून जाणाऱ्या खलाशांना शांत समुद्रावर अचानक खळाळणाऱ्या पाण्याचे लांबच लांब पट्टे दिसत व त्यांची वर्णने एकोणिसाव्या शतकातील नौकानयनविषयक ग्रंथांत आढळतात. वरचे उबदार पाणी व खालचे थंड, जड पाणी यांच्या सीमेवर प्रचंड उंचीचे तरंग चालतात आणि पृष्ठभागावर केवळ त्यांची सुरकुती दिसते. हे अंदमान समुद्रातील प्रत्यक्ष मोजमापांसह ऑसबोर्न व बर्च यांनी १९८० मध्ये सविस्तर मांडले.

क्राकाटोआच्या वेळेआधी आलेल्या लाटांचा उलगडा या दोहोंच्या मधल्या काळात झाला. १९५५ मध्ये यूइंग व प्रेस यांनी आणि १९६६-६७ मध्ये प्रेस व हार्कराइडर यांनी असे दाखविले की, दूरच्या बंदरांतील आंदोलनांच्या वेळा पाण्याच्या नव्हे, हवेच्या तरंगाशी जुळतात. हवेतील दाबाचा तरंग समुद्रावरून सरकताना पाण्याला आपल्याबरोबर रेटत नेतो. ज्या खोलीवर पाण्याच्या लाटेचा स्वाभाविक वेग हवेच्या तरंगाच्या वेगाजवळ येतो, तेथे हे रेटणे अधिक परिणामकारक होते. ती खोली सुमारे दहा किलोमीटर येते, म्हणजे महासागरी गर्तांची खोली. शिवाय तळाच्या पायऱ्या जेथे एकदम चढतात, तेथे या रेटलेल्या पाण्यातून स्वतंत्र लाटा सुटतात, हे गॅरेट यांनी १९७० मध्ये मांडले. खंडांचा अडसर लाटेला अडवू शकला नाही, कारण ती खंडांवरून आली होती.

हा उलगडा बरोबर असल्याची प्रत्यक्ष प्रचीती १५ जानेवारी २०२२ रोजी आली. टोंगा बेटसमूहातील हुंगा टोंगा–हुंगा हापाई ज्वालामुखीचा स्फोट झाला. जपानच्या हवामान संस्थेने प्रथम हानीचा धोका नसल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात अपेक्षित वेळेच्या दोन तासांहून अधिक आधी पाणी हलू लागले आणि मध्यरात्रीनंतर इशारा द्यावा लागला. कॅरिबियन व भूमध्य समुद्रांतही समुद्राची पातळी आंदोलित झाली. भारतातील वायुभारमापकांवरही तरंगाची खूण उमटली. १८८३ च्या सर्व गोष्टी जणू उजळणीसाठी पुन्हा घडल्या. त्याच वर्षी उपग्रहांच्या अवरक्त चित्रांमधून पेकेरिस यांचा विस्मृत अंतर्गत तरंगही सापडला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे २४५ मीटर होता, तर पहिल्या तरंगाचा ३१० मीटरच्या पुढे.

बंदराचा स्वभाव

भरती-वक्र वाचताना आणखी एक पेच येतो. मापक बंदरात असते आणि बंदराला स्वतःचा स्वभाव असतो. परातीतले पाणी एकदा हिंदकळले की धक्का थांबल्यावरही ठरावीक तालात या काठावरून त्या काठावर जात राहते. जिनीव्हा सरोवरातील अशा हेलकाव्यांना तेथील लोक 'सेश' म्हणत. फोरेल यांनी १८६९ पासून त्यांचा अभ्यास केला व मुख्य हेलकाव्याचा काळ सुमारे त्र्याहत्तर मिनिटे असल्याचे दाखविले. बंदर वा आखात हे एका बाजूने उघडे सरोवरच होय. जपानमध्ये होंडा, तेरादा व सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये देशातील अनेक उपसागरांच्या अशा तालांचा तपशील प्रसिद्ध केला. 'त्सुनामी' या जपानी शब्दाचा अर्थच 'बंदरातील लाट' असा आहे. खोल समुद्रावर मासेमारी करणाऱ्यांना जी जाणवत नाही, ती परतल्यावर बंदर उद्ध्वस्त झालेले दिसते. म्हणून वक्रातील कोणता भाग आलेल्या लाटेचा व कोणता त्या बंदराच्या हेलकाव्याचा, हे वेगळे केल्याखेरीज तो पुरावा म्हणून वापरता येत नाही. कागदपत्रातील आशय व लेखकाची लकब वेगळी करण्याची आपली रीत येथेही तशीच लागू पडते.

दप्तर आणि गाणे

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. क्राकाटोआच्याही आधी, ३१ डिसेंबर १८८१ रोजी कार निकोबारजवळ मोठा भूकंप झाला. त्यातून उठलेली त्सुनामी बंगालच्या उपसागराभोवतीच्या आठ भरतीमापकांनी टिपली. तिची सर्वाधिक उंची नागपट्टणम येथे सुमारे ०.८ मीटर होती. त्या काळीच यावर टिपणे प्रसिद्ध झाली. या जुन्या वक्रांवरून भूकंपाचे स्थान व स्वरूप निश्चित करणारा ऑर्टिझ व बिल्हम यांचा शोधनिबंध २००३ साली प्रसिद्ध झाला.

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळच्या भूकंपानंतर लाट भारताच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचण्यास दोन तासांहून अधिक अवधी लागला. त्या अवधीत कोणालाही इशारा मिळाला नाही. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे दगावली आणि मुख्य भूमीवर सर्वाधिक हानी झाली ती नागपट्टणम जिल्ह्यात. त्यानंतर 'आपल्या किनाऱ्यावर त्सुनामी येते हे कोणास ठाऊक होते?' असे उद्गार सर्वत्र ऐकू आले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा उद्गार वस्तुस्थितीस धरून नव्हता. नागपट्टणमच्याच मापकावर ते एकशे तेवीस वर्षांपूर्वी लिहिले गेले होते. नोंद होती, छापलेली होती, एक वर्ष आधी तिचा अर्थही लावला गेला होता. अभाव होता तो ती नोंद वाचणे हे ज्याचे कर्तव्य आहे अशा कार्यालयाचा. हैदराबाद येथील भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र १५ ऑक्टोबर २००७ रोजी कार्यान्वित झाले.

याच्या शेजारी सिमेउलुए बेटाचे उदाहरण ठेवले पाहिजे. सुमात्राच्या पश्चिमेकडील हे बेट २००४ च्या भूकंपकेंद्राच्या अगदी जवळ होते. तेथील लोकसंख्या पंचाहत्तर हजारांच्या वर होती. त्सुनामीत तेथे सात माणसे गेली. १९०७ मध्ये त्या बेटावर भीषण लाट आली होती आणि तिची आठवण 'स्मोंग' या शब्दाने, गोष्टींतून व गाण्यांतून, आजी-आजोबांकडून नातवंडांकडे येत राहिली होती. जमीन जोराने हलली व समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळावे, एवढाच तिचा आशय. वांद्र्याच्या किनाऱ्यावर मागे हटलेले पाणी म्हणजे फुकटची मासळी होती. सिमेउलुएच्या किनाऱ्यावर तोच देखावा पळण्याची खूण होता. समकालीन कागदाला श्रेष्ठ व परंपरागत कथनाला दुय्यम मानणाऱ्या आपल्या शिस्तीला हे उदाहरण अडचणीचे आहे, हे कबूल करावयास हवे. अर्थात गाण्यावरून लाटेची उंची व भूकंपाचे स्थान काढता येत नाही. त्यासाठी नागपट्टणमचा वक्रच लागतो. परंतु त्या सकाळी वक्राने कोणाचाही जीव वाचविला नाही.

१९४५ चा मकरान किनारा

पश्चिम किनाऱ्यापुरते पाहावयाचे तर २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाने उठविलेली त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती व शहरात माणसेही दगावली होती. आज मुंबईत हे ठाऊक असणारे फार थोडे सापडतात. कराची व मुंबई येथील मापकांचे त्या दिवसाचे वक्र गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पुन्हा अभ्यासले आणि २०११ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. लाटेची काही ऊर्जा खुल्या समुद्रात निघून न जाता मकरानच्या उथळ सागरमंचावर अडकून राहिली आणि किनाऱ्याला समांतर फिरत राहिली, असे त्यातून दिसते. म्हणूनच पसनी येथे भूकंपाचा हादरा ओसरून गेल्यावर, दीड-दोन तासांनी, गाव नेणारी लाट आली, या जुन्या हकीकतीचा मेळ बसतो. तोपर्यंत हादऱ्याने बाहेर पडलेली माणसे घराकडे परतलेली असू शकतात.